जायंट्सनी तीन नंबरला कोणाला उचलावं? पोझिशन बघावी की प्लेयर? (ड्राफ्ट २०२५)

टचडाऊन_तात्या

एप्रिल आला की आमच्या न्यू जर्सीत दोनच विषय असतात, टॅक्स भरला का आणि न्यू यॉर्क जायंट्स (अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधली आमची टीम) यंदा ड्राफ्टमध्ये कोणाला घेणार. ड्राफ्ट म्हणजे टीम नंबरानुसार कॉलेजातली पोरं निवडतात ते, सगळ्यात वाईट खेळलेली टीम आधी, आणि एकेक नंबर म्हणजे एकेक पिक. मागचे धागे भरकटले म्हणून हा नवीन काढतोय. इथे फक्त ड्राफ्ट, कोच कधी हाकलणार वगैरे दुसरीकडे.

मागचा सीझन ३-१४ (तीन जिंकल्या, चौदा हरल्या). बरं हरायचं तर धड हरावं, तर तेही नाही. डिसेंबरच्या शेवटी कोल्ट्सना ४५-३३ ने हरवून बसले आणि हातातला एक नंबरचा पिक घालवला. टायटन्स, ब्राऊन्स आणि आपण, तिघेही ३-१४, पण टायब्रेकरला ज्याचं शेड्यूल सोपं तो आधी, त्यामुळे आपण तिसरे. टायटन्स कॅम वॉर्डला घेणार हे ठरल्यात जमा आहे. मग उरतात शेडूर सँडर्स (क्यूबी म्हणजे क्वार्टरबॅक, बॉल फेकणारा), ट्रॅव्हिस हंटर (बॉल झेलणारा रिसीव्हरही आणि रिसीव्हरला अडवणारा कॉर्नरही, वर कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचं हाइझमन घेऊन आलेला), अब्दुल कार्टर (पेन स्टेट कॉलेजचा एज रशर, म्हणजे टोकावरून समोरच्या क्यूबीवर धावून जाणारा), मेसन ग्रॅहम, विल कॅम्पबेल (टॅकल, म्हणजे लाईनच्या टोकाला उभा राहून क्यूबीला वाचवणारा) वगैरे मंडळी.

माझं मत आधीच सांगून टाकतो, कार्टर. आता लगेच ओरडू नका की बर्न्स आहे, तिबोडो आहे, मग तिसरा एज कशाला.

ड्राफ्टमध्ये लोक "भोक कुठे आहे" ते बघतात आणि ते बुजवायला निघतात, गार्ड (लाईनमधला आतला अडवणारा) नाही तर गार्ड घ्या, सेफ्टी (डिफेन्समध्ये सगळ्यात मागचा) नाही तर सेफ्टी घ्या. पण भोक बुजवायला मार्चमधला फ्री एजन्सीचा, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार आहे ना. आत्ताच आपण कॉर्नर अडेबो आणि सेफ्टी हॉलंड दोघांना पैसे देऊन आणलं, झालं काम. ड्राफ्टच्या वरच्या पिकवर ते घ्यायचं जे बाजारात एक तर मिळतच नाही किंवा मिळालं तर कंबरडं मोडतं. चांगला क्यूबी कोणी सोडत नाही. खरा एज रशर सोडत नाहीत, सोडलाच तर बदल्यात पिक मागतात आणि वर पगार आपणच द्यायचा, बर्न्सच्या वेळी हेच झालं. लेफ्ट टॅकल तसाच. नंबर एकचा रिसीव्हर तसाच, तो नेबर्सच्या रूपाने आपण मागच्या वर्षी घेतला, बिचाऱ्याने रूकी (पहिल्या वर्षाचा) असताना १०९ कॅच घेतले आणि ते फेकणारे कोण होते ते आठवा. त्याखाली कॉर्नर आणि आतला पास रशर. मग बऱ्याच अंतराने गार्ड, सेंटर, सेफ्टी, आतला लाईनबॅकर, टाईट एन्ड, आणि रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा).

रनिंग बॅक शेवटी म्हटलं की सेक्वॉनचं नाव निघणारच, म्हणून मीच काढतो. २०१८ ला दोन नंबरला आपण सेक्वॉन बार्कली घेतला. प्लेयर म्हणून तो पहिल्या दिवसापासून सोनं होता, रूकी ऑफ द इयर झाला, दोन हजारांच्या वर यार्ड केले, आणि टीम गेली ५-११. त्याच ड्राफ्टमध्ये क्यूबी होते, जॉश अॅलन सातव्या नंबरला गेला, लमार जॅक्सन ३२ ला. आणि मला खरा सलतो तो ३४ नंबर. दुसऱ्या राऊंडला आपण ३४ वर गार्ड घेतला, विल हर्नांडेझ, आणि लगेच ३५ वर ब्राऊन्सनी रनिंग बॅक निक चब उचलला. म्हणजे दोन नंबरला क्यूबी आणि ३४ ला चब असं सरळ सरळ जमत होतं. रनिंग बॅक ३५ वर मिळतो. अॅलन ३५ वर मिळत नाही.

---

झोपाळू_जायंट

रुमाल टाकून जागा धरतोय. सविस्तर रात्री लिहितो.

---

पार्सिपनीकर

तात्या, लेख छान पण निष्कर्ष चुकला. तुम्हीच म्हणता क्यूबी सगळ्यात वर, तुम्हीच म्हणता अॅलन सोडला म्हणून वाटोळं झालं, आणि परत तीन नंबरला क्यूबी सोडून एज घ्यायचा? रसेल विल्सन आणि जेमिस विन्स्टन या क्यूबींवर किती दिवस काढणार, दोघांची वयं बघा. क्यूबी नसेल तर बाकी २१ जण देव असले तरी जानेवारीत, प्लेऑफच्या वेळी, घरी बसायचं. माझं मत शेडूर. कॉलेजात मोडक्या लाईनमागे (लाईन म्हणजे क्यूबीपुढची अडवणाऱ्या पाच जणांची रांग) उभा राहून फेकलंय पोराने, आपल्याकडे आला तर त्याला घरच्यासारखं वाटेल 😀

---

टचडाऊन_तात्या

@पार्सिपनीकर, शेवटच्या वाक्याला टाळ्या.

पण क्यूबी ही पोझिशन वर आहे म्हणून त्या वर्षी त्या नंबरला जो कोणी क्यूबी उपलब्ध असेल तो तेवढ्या किमतीचा होत नाही ना. २०१९ आठवा. आपला क्यूबी एली मॅनिंग म्हातारा झाला, आता क्यूबी हवाच, म्हणून सहा नंबरला डॅनियल जोन्स. मग "एवढा पिक घातलाय तर टिकवा" म्हणून २०२३ ला चार वर्षांचं १६ कोटी डॉलरचं काँट्रॅक्ट, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलीज. चुकीचा रनिंग बॅक घेतला तर एक पिक जातो. चुकीचा क्यूबी घेतला तर पाच वर्षं जातात कारण तो चुकीचा आहे हे मान्य करायलाच तीन लागतात.

पँथर्सचं बघा. २०२३ ला क्यूबी ब्राईस यंगला घ्यायला एक नंबर हवा म्हणून बेअर्सना ९ नंबर दिला, ६१ दिला, पुढच्या वर्षीचा पहिला, त्याच्या पुढच्याचा दुसरा आणि वर रिसीव्हर डीजे मूर. तो पुढच्या वर्षीचा पिक एक नंबरचा निघाला आणि बेअर्सनी त्यावर क्यूबी केलेब विल्यम्स घेतला.

---

सदाशिव_पेठी

मी पुण्यातून बघतो, दोनच वर्षं झाली बघायला लागून, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर हलके घ्या. आयपीएलच्या ऑक्शनमध्ये विकेटकीपर कमी असतील तर त्याची बोली चढते, मागणी जास्त की किंमत जास्त, सोपं गणित. इथे तर बोलीच नाही, नंबर आला की हवा तो घ्या. मग महाग पोझिशन, स्वस्त पोझिशन हे येतं कुठून?

---

कॅपवाला_सीए

पेठीसाहेब, बाळबोध अजिबात नाही, सगळा धागा याच प्रश्नावर उभा आहे.

ऑक्शनला किंमत खेळाडूची ठरते, ड्राफ्टला किंमत खुर्चीची ठरते. तीन नंबरच्या खुर्चीवर बसणाऱ्याला चार वर्षांचे साधारण साडेचार कोटी डॉलर, मग तो क्यूबी असो नाहीतर पंटर (बॉलला नुसती लाथ मारणारा). पहिल्या राऊंडवाल्याचं पाचवं वर्षही टीमच्या मर्जीवर, त्याचा आकडा वेगळा असतो पण हक्क टीमकडे राहतो. आता हेच लोक बाजारात किती घेतात बघा. क्यूबी डॅक प्रेस्कॉट वर्षाला ६ कोटी. एज रशर मायल्स गॅरेटने गेल्या महिन्यात सही केली ती वर्षाला ४ कोटींची. रिसीव्हर जमार चेस त्याच्याही किंचित वर. आणि सेक्वॉन, फिलीकडून सुपर बोल (लीगची फायनल) जिंकून, दोन हजार यार्ड पळून, रनिंग बॅकमध्ये सगळ्यात महाग झाला तो वर्षाला २ कोटी ६ लाखांवर. यंदाची (२०२५) कॅप, म्हणजे अख्ख्या टीमच्या पगाराची मर्यादा, २७.९२ कोटी. म्हणजे तीन नंबरला एज घेतला आणि तो चालला तर वर्षाला जवळपास तीन कोटी वाचले, त्यात दोन चांगले कॉर्नर नाहीतर अख्खी गार्ड-सेंटरची रांग येते. रनिंग बॅक घेतला आणि तो जगात एक नंबर निघाला तरी वाचले एक कोटीच्या आतच.

आधी असं नव्हतं बरं का. २०१० ला सॅम ब्रॅडफर्ड एक नंबरला गेला तेव्हा सहा वर्षांचे ७.८ कोटी घेतले. २०११ ला लीग आणि खेळाडूंच्या युनियनमध्ये नवा करार झाला आणि कॅम न्यूटनला त्याच एक नंबरला चार वर्षांचे फक्त २.२ कोटी मिळाले. तेव्हापासून वरचा पिक म्हणजे लॉटरी झाली, आणि तेव्हापासूनच "पोझिशन व्हॅल्यू" हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आला. त्याआधी वरच्या नंबरचा माणूस फसला की टीम कॅपमध्येही मरायची.

---

सदाशिव_पेठी

खुर्चीची किंमत! कळलं. धन्यवाद सीए.

---

फिलीतली_आत्या

जायंट्सवाल्यांनो नमस्कार, शत्रूपक्षातून, म्हणजे फिलाडेल्फिया ईगल्सकडून आलेय, हाकलू नका. सर्वप्रथम सेक्वॉनबद्दल मनापासून आभार 🙏 तुमचे मालक कॅमेऱ्यासमोर म्हणाले होते ना की तो फिलीला गेला तर झोप लागणार नाही, आता कसे आहेत?

गंमत सोडा. सेक्वॉन आमच्याकडे पळाला कारण त्याच्यापुढे लाईन होती, आणि ती काही पहिल्या राऊंडातून नाही आली. लेन जॉन्सन चार नंबरचा, खरंय, २०१३ चा. पण मायलाटा सातव्या राऊंडचा, ऑस्ट्रेलियात रग्बी खेळायचा, अमेरिकन फुटबॉलचा एक सामना खेळला नव्हता तेव्हा घेतला. डिकरसन दुसऱ्या राऊंडचा. आमचा आधीचा सेंटर केल्सीही सहाव्याचा. इतकी वर्षं आधी भिंत बांधली, रनिंग बॅक सगळ्यात शेवटी आणला, तोही बाजारातून, तीन वर्षांचे पावणेचार कोटी देऊन. तुम्ही आधी झुंबर आणलंत आणि मग छत शोधत बसलात.

आणि तात्यांच्या कार्टरला माझा पाठिंबा, म्हणजे मला भीती वाटते म्हणून. फेब्रुवारीत सुपर बोलला चीफ्सचा क्यूबी माहोम्सला सहा वेळा पाडला आम्ही आणि एकदाही ब्लिट्झ (जादा माणसं धाडून हल्ला) केला नाही, नुसत्या चौघांनी. मागे सात जण उभे, फेकणार कुठे? तो माणूस तीन सुपर बोल जिंकलेला आहे आणि हाफटाईमला शून्यावर होता.

---

मोटारनगरी

ट्रॉय, मिशिगनवरून. तुमचं पोझिशन व्हॅल्यूचं तक्तेपुराण वाचून हसू आलं. २०२३ ला आमच्या डेट्रॉइट लायन्सचा जनरल मॅनेजर ब्रॅड होम्सने १२ ला जामीर गिब्स घेतला, रनिंग बॅक, आणि १८ ला जॅक कॅम्पबेल, आतला लाईनबॅकर. दोन्ही तुमच्या यादीत तळाला. टीव्हीवरच्या शहाण्यांनी धू धू धुतला माणसाला. मग काय झालं? २०२४ ला १५-२. माझं साधं म्हणणं आहे, चांगला फुटबॉलर घ्या. बोर्डवर जो सगळ्यात वर तो घ्या. एक्सेल शीट मैदानात उतरत नाही.

---

टचडाऊन_तात्या

@मोटारनगरी, मान्य, गिब्स बघायला मलाही आवडतो. पण दोन गोष्टी सोयीस्कर विसरलात. एक, तो १२ वर गेला, दोन वर नाही. दुसरं, तोपर्यंत तुमच्याकडे सातव्या नंबरचा टॅकल सूल होता, दोन नंबरचा एज हचिन्सन होता, लाईन लीगमधली सर्वोत्तमपैकी होती. ताट वाढून झाल्यावर लोणचं घेतलंत. आमचं ताटच नाही.

आणि ऑक्टोबरमध्ये हचिन्सनचा पाय मोडला तेव्हा काय झालं तेही सांगा की. जानेवारीत वॉशिंग्टनच्या रूकी क्यूबीने तुमच्याच घरात ४५ लावले. गिब्स होता, कॅम्पबेल होता. एज नव्हता.

---

मोटारनगरी

जखमेवर मीठ 😭 डिफेन्सचे निम्मे लोक इंजर्ड होते हो तेव्हा, एकटा हचिन्सन नाही. पण मुद्दा पोचला, पूर्ण नाही तरी.

---

ओहायोचा_बंड्या

सिनसिनाटीकडून प्रतिसाद. सूलचं नाव निघालं म्हणून आलो. २०२१ ला आमच्या इथे हाच काथ्याकूट झालेला, मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक एकमेकांशी बोलायचे बंद झाले. आमच्या बेंगॉल्सचा क्यूबी बरो, त्याचा गुडघा आदल्या नोव्हेंबरला गेलेला, पाच नंबरचा पिक हातात, समोर पेनाय सूल (टॅकल) आणि जमार चेस (रिसीव्हर, बरोचा कॉलेजातला जोडीदार). अर्धे म्हणत होते पोराचा गुडघा वाचवा. बेंगॉल्सनी चेस घेतला. त्याच वर्षी सुपर बोलला गेलो. आणि त्या सुपर बोलमध्ये बरोला सात वेळा पाडला, तीन पॉइंटने हरलो. आता बोला, बरोबर की चूक? आमच्याकडे दोन्ही गट आजही आपापल्या जागी घट्ट आहेत.

मी चेसवाला. कारण लाईन ही साखळी असते, एक कडी सोन्याची केली तरी बाकीच्या चार तुटतात. रिसीव्हर एकटा मॅच फिरवतो. एकटा सूल आणला असता तर आतल्या बाजूने बरो तसाच मार खात राहिला असता, त्या सुपर बोलला रॅम्सचा अॅरन डोनल्ड आतूनच आला होता. पण एवढंच सांगतो, गेल्या वर्षी चेसने कॅच, यार्ड, टचडाऊन तिन्हीत लीगमध्ये पहिला नंबर काढला, बरो पण जोरात होता, आणि आम्ही ९-८, प्लेऑफच्या बाहेर. डिफेन्समध्ये हेंड्रिक्सन सोडला तर कोणी क्यूबीच्या जवळ जात नव्हतं. तेव्हा तात्यांच्या कार्टरला माझंही +१.

---

झोपाळू_जायंट

आलो. सगळे कार्टर कार्टर करताय, पण आपल्या ओ-लाईनवर (ऑफेन्सच्या लाईनवर) कोणीच नीट बोललं नाही. लेफ्ट टॅकल अँड्र्यू थॉमस ऑक्टोबरमध्ये पायाने गेला की अख्खा ऑफेन्स कोसळतो, हे दर वर्षीचं नाटक आहे. एक माणूस पडला की घर पडतं म्हणजे राखीव माणसंच नाहीत आपल्याकडे. मी तर म्हणतो ट्रेड डाऊन करा, सहा-सातवर जा, विल कॅम्पबेल घ्या आणि वर एक पिक मिळवा. आणि कार्टरच्या पायाला स्ट्रेस रिॲक्शन आहे, खांद्याचं दुखणं वेगळंच, ते कोणी लिहिलं नाही.

---

टचडाऊन_तात्या

खाली जायला आपण तयार, पण वर यायला कोणी तयार पाहिजे ना. आणि कॅम्पबेलबद्दल मला शंका नाही, पण सध्या अख्खा देश टेप घेऊन त्याच्या हातांची लांबी मोजतोय, आखूड आहेत म्हणे, स्थळ बघायला आल्यासारखं चाललंय.

ओ-लाईन पहिल्या राऊंडला घेतली म्हणजे सेफ हा गैरसमज इव्हन नीलने तरी दूर करायला हवा होता. २०२२ ला सात नंबरचा टॅकल, सगळे म्हणाले दहा वर्षांची चिंता मिटली, आणि आता त्याला गार्डला सरकवायची भाषा चालू आहे.

दुखापतीचा मुद्दा रास्त आहे. पण डॉक्टर टीमचे आहेत, आपण इथून एक्स-रे वाचू शकत नाही.

तिसरा एज कशाला याचं उत्तर द्यायचं राहिलं. २००७ च्या सीझनचा सुपर बोल. समोर पेट्रियट्स १८-०, ब्रेडी, मॉस, तो ऑफेन्स कोणाला थांबत नव्हता. आपण १७-१४ ने जिंकलो ते स्ट्रेहान, उमेन्योरा आणि टक या एज रशर्सवर. तीन होते तिथे, दोन नाही. टकला तर समोरचे बॉल फेकणार असं दिसलं की आत सरकवायचे आणि गार्डच्या अंगावर सोडायचे. बर्न्स, तिबोडो, कार्टर, मध्ये डेक्स्टर लॉरेन्स, करा डबल-टीम (एकावर दोघं) कोणाला करायचं ते.

(आता कोणीतरी म्हणेल की ते तिघेही दुसऱ्या-तिसऱ्या राऊंडचे होते. होते. म्हणूनच एलटी (आपला लॉरेन्स टेलर) याचं उदाहरण सांगतो, १९८१, दोन नंबर.)

---

पार्सिपनीकर

मीच म्हणणार होतो, आधीच बंद केलंत 😤

---

सदाशिव_पेठी

शुक्रवारी पहाटे साडेपाचला लाईव्ह बसलोय, चहा हातात. जॅग्वार्सनी काहीतरी मोठा ट्रेड केला, दोन नंबरवर आले आणि ट्रॅव्हिस हंटर! ब्राऊन्स पाचवर गेले. म्हणजे आता आपला नंबर, कार्टर आहे अजून!

---

टचडाऊन_तात्या

घेतला!!!!! अब्दुल कार्टर!!!

---

झोपाळू_जायंट

अरे थांबा, जायंट्स परत आले वर. टेक्सन्सबरोबर ट्रेड, २५ नंबर. जॅक्सन डार्ट. क्यूबी. ओल मिस.

---

कॅपवाला_सीए

किंमत: ३४, ९९ आणि पुढच्या वर्षीचा तिसरा राऊंड. माझ्या मते ठीक. ३४ वर थांबून तो मिळाला असता का, कोणालाच माहीत नाही, पण ३४ वर पाचव्या वर्षाचा हक्क मिळत नाही आणि २५ वर मिळतो. क्यूबीच्या बाबतीत ते एक वर्ष सोन्याचं. तीन नंबरची खुर्ची न जाळता क्यूबीवर डाव लावला, फसला तर जोन्सइतकं दुखणार नाही. पार्सिपनीकर खूष?

---

पार्सिपनीकर

शेडूर सोडला त्याचं दुःख आहे पण क्यूबी आला एकदाचा. विल्सनच्या मागे बसून शिकू दे, घाई नको.

(दोन दिवसांनी भर: शेडूर पाचव्या राऊंडला, १४४ वर गेला. मी काही बोलत नाही.)

---

फिलीतली_आत्या

आणि चौथ्या राऊंडला रनिंग बॅक घेतलात, कॅम स्कॅटेबो, १०५ वर. सात वर्षांनी का होईना, नंबर बरोबर निवडलात हो 😄

---

झोपाळू_जायंट

सगळे नाचताय, नाचा. ओ-लाईनचा पहिला माणूस पाचव्या राऊंडला आला, मार्कस एम्बो, पर्ड्यू. १५४. त्याआधी तिसऱ्यालाही डिफेन्सिव्ह टॅकलच घेतला. थॉमसचा पाय, नीलचा भरवसा नाही, आणि मागे उभा करणार २५ नंबरचा पोरगा. तात्या, तुमची थिअरी कागदावर छान आहे, पण बाजारातून पण धड लाईन आणली नाही आणि ड्राफ्टमधून पण नाही, मग ती येणार कुठून?

---

टचडाऊन_तात्या

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो आपला जनरल मॅनेजर जो शेन याला आहे, थिअरीला नाही. वरच्या पिकवर एज घ्या म्हणजे मार्चमध्ये पाकीट घरी विसरा असं कोणी म्हटलं नव्हतं. तिसऱ्या राऊंडला ६५ वर मी स्वतः गार्ड घेतला असता, तिथे एकदम पटलं नाही. एम्बो टॅकल आणि गार्ड दोन्ही खेळलाय, बॅकअप म्हणून चालेल, सुरुवातीपासून उतरवावं लागलं तर कठीण आहे.

अवांतर: कार्टरने एलटीकडे ५६ नंबरची जर्सी मागितली म्हणे, आणि एलटी नाही म्हणाला, स्वतःचा नंबर मोठा कर म्हणाला. बरोबर केलं.

---

झोपाळू_जायंट

नीलला गार्ड करणार म्हणजे नक्की कुठल्या बाजूला, उजव्या? कोणाला कॅम्पला जायला मिळालं तर बघून सांगा. ओ-लाईनचा वेगळा धागा काढतोय मी, इथे कार्टरचे फोटो टाकत बसा.